नाव तेच, घर वेगळं

जावाच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला कधी ना कधी एक वाक्य भेटतं. इंग्रजी एररचं मराठी करायचं तर ते असं होईल : ‘वजनवाचक’ हा ‘वजनवाचक’ म्हणून वापरता येणार नाही. दोन्हीकडे नाव तेच. अक्षर न् अक्षर तेच. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, मशीनला वेड लागलंय.

मला हे वाक्य एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर भेटलं. कारखाना सोलापूर जिल्ह्यातला, दिवस नोव्हेंबरचे, गाळप नुकतंच सुरू झालेलं. त्यामुळे ही नुसती माझी डोकेदुखी नव्हती. काट्याबाहेर ट्रॅक्टरची रांग होती.

काट्यावर काय असतं

ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उसानं भरलेली गाडी आधी काट्यावर चढते. भरल्या गाडीचं वजन होतं. मग ती गव्हाणीकडे जाते, ऊस खाली करते आणि परत काट्यावर येते. आता रिकाम्या गाडीचं वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. तो आकडा पावतीवर छापून येतो आणि पुढचं सगळं त्या पावतीवर चालतं : शेतकऱ्याचं बिल, तोडणीचे पैसे, वाहतुकीचं भाडं. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. पैसे खरोखर कधी हातात पडतात हा वेगळा विषय आहे. पण ऊस कधी पोचला आणि किती पोचला, याचा शेतकऱ्याकडे असलेला पुरावा म्हणजे ती पावती.

‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगाच रुळलेला नाही. टनाला तीन हजार रुपये धरले तर एका खेपेत क्विंटलभर इकडचं तिकडे झालं की ३०० रुपये गेले. वर्षभर ऊस सांभाळलेल्या माणसाला त्या काट्यावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय नसतो, म्हणूनच त्याचा विश्वास पटकन उडतो. कॉम्प्युटरनं छापलेली पावती त्याला निदान क्लार्कच्या हातातली वाटत नाही. कॉम्प्युटर बंद पडला आणि क्लार्कनं पेन काढलं की रांगेतले चेहरे बदलतात. शिवाय तोडलेला ऊस थांबला की वाळतो. वजन घटतं, साखरेचा उताराही घटतो. म्हणजे एरर कुणाचीही असो, तिचं भाडं बाहेर उभा असलेला माणूस भरत असतो.

त्या रात्री आठला पाळी बदलली आणि त्याच वेळी काट्याच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती चढली. ती बनवणारी कंपनी दुसऱ्या शहरातली. सर्व्हर बघायचं काम माझ्याकडे. नवी आवृत्ती सुरू झाली, लॉगिन झालं, कालचे अहवाल उघडले. सगळं ठीक. मग पहिली गाडी काट्यावर चढली, क्लार्कनं ‘वजन घ्या’ दाबलं आणि ते वाक्य आलं.

काटा क्लार्कचा मला फोन आला. माणूस पन्नाशीचा, कधी आवाज न चढवणारा. ‘‘सर, तीनदा बंद करून चालू केलो. तेच येऊलालंय.’’ मागून गलका ऐकू येत होता. ‘‘हातानं लिहून देऊलालोय. पण लोकं काटा मारूलालेत म्हणूलालेत.’’

जुनी आवृत्ती परत टाकणं हा पहिला विचार. पण नव्या आवृत्तीनं चढताना डेटाबेसचे तक्तेही बदलले होते. ते उलटं फिरवणं तास-दोन तासांचं काम, आणि त्यात हंगामातल्या जुन्या पावत्यांना धक्का लागण्याची भीती. कंपनीचा फोन लागत नव्हता. मी सोलापुरातून काट्याच्या कॉम्प्युटरला लांबून जोडून घेतलं. माझ्यासोबत काम करणारी मुलगी तिच्या घरून जोडली गेली. ती आपल्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, वडिलांचे टॉवेलचे माग. इंजिनिअरिंग इथेच झालेलं.

क्लास कोण आणतं

जावाचा प्रोग्राम म्हणजे हजारो क्लास. क्लास हा एक साचा असतो, त्यावरून वस्तू तयार होतात. हे सगळे क्लास सुरुवातीलाच मेमरीत भरले जात नाहीत. प्रोग्राम चालता चालता एखाद्या क्लासचं नाव निघालं की मग त्याचा शोध घेतला जातो. शोधून आणणाऱ्याला क्लासलोडर म्हणतात. क्लास ज्या गठ्ठ्यांत बांधून ठेवतात त्या फायलींना म्हणतात जार.

क्लासलोडर एकटा नसतो, त्याचं कुटुंब असतं. साध्या जावात रीत अशी की आधी वडीलधाऱ्यांना विचारायचं. वडील त्यांच्या वडिलांना विचारतात. वरच्या कुणाकडे क्लास असेल तर तोच घ्यायचा, नसेल तर आपण शोधायचा. त्यामुळे एका क्लासची एकच प्रत सगळ्या घरात वापरली जाते.

वेब सर्व्हरवर मात्र ही रीत जशीच्या तशी चालत नाही. टॉमकॅटचंच घ्या. एका टॉमकॅटमध्ये अनेक ॲप एकाच वेळी नांदू शकतात. एकाला एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. सगळ्यांनी वडिलांकडचीच वापरायची ठरवलं तर भांडणं होतील. म्हणून टॉमकॅट प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्लासलोडर देतो आणि त्याला सांगतो : आधी स्वतःच्या घरात बघ, म्हणजे ॲपच्या वेब-इन्फ फोल्डरात. तिथे नसेल तर टॉमकॅटच्या सामाईक लिब फोल्डरात बघ. जावाचे मूळचे क्लास तेवढे याला अपवाद. ते नेहमी वरूनच येतात. नाहीतर कुणीही आपला खोटा ‘स्ट्रिंग’ आणून बसवला असता.

एवढं कळलं की क्लासलोडिंगच्या बहुतेक एरर चार प्रकारांत बसतात.

पहिली : क्लास-नॉट-फाउंड. नाव घेऊन मागितलं, विचारलेल्या कुणाकडेच सापडलं नाही. जार राहून गेला आहे किंवा चुकीच्या फोल्डरात आहे.

दुसरी : नो-क्लास-डेफ-फाउंड. दिसायला पहिलीसारखीच, पण आतली गोष्ट वेगळी. प्रोग्राम बांधताना क्लास होता, चालवताना नाही. किंवा क्लास सापडला होता, पण त्याची सुरुवातीची तयारीच फसली आणि आता त्याचं नाव काढलं की दरवेळी हेच उत्तर मिळतं. अशा वेळी लॉगमध्ये मागे जाऊन त्याच क्लासची पहिली एरर शोधायची. खरं कारण तिथे असतं.

तिसरी : नो-सच-मेथड. क्लास सापडला, पण त्याला हवं ते काम येत नाही. बहुधा त्याच लायब्ररीची जुनी आवृत्ती कुठूनतरी आधी उचलली गेलेली असते.

चौथी आमची : क्लास-कास्ट, दोन्हीकडे एकच नाव. क्लास सापडला, आवृत्तीही तीच. तरी जावा म्हणतं, हा तो नव्हे.

हट्ट नव्हे, कडी

या चौथ्या एररवर चिडण्याआधी तिचा इतिहास माहीत असलेला बरा. जावाची पहिली आवृत्ती १९९६ सालची. इंटरनेटवरून आलेला अनोळखी प्रोग्रामही आपल्या कॉम्प्युटरवर सुरक्षित चालेल, हे तिचं मोठं आश्वासन होतं. १९९७ मध्ये एटी अँड टीच्या संशोधन विभागातल्या विजय सारस्वत यांनी एक टिपण लिहिलं, ‘जावा इज नॉट टाइप-सेफ’. त्यांनी दाखवलं की दोन वेगळ्या क्लासलोडरनी आणलेले एकाच नावाचे दोन क्लास असतील तर जावाला गंडवता येतं. एकाची वस्तू दुसऱ्याची म्हणून खपते. मग बंद ठेवलेल्या खणातही हात घालता येतो.

पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, सन कंपनीतल्या शेंग लियांग आणि गिलाड ब्राचा यांनी जावातल्या क्लासलोडिंगवर शोधनिबंध लिहिला. त्यात हे भोक कसं बुजवायचं ते मांडलेलं आहे. मूळ नियम सरळ आहे : चालू प्रोग्राममध्ये क्लासची ओळख नुसत्या नावावर ठरत नाही. नाव आणि त्याला घडवणारा क्लासलोडर, दोन्ही मिळून ओळख. आणि दोन क्लासलोडर एकमेकांशी बोलताना एखादं नाव वापरत असतील तर त्या नावाचा अर्थ दोघांकडे एकच आहे, याची खात्री जावानं करून घ्यायची.

म्हणजे आम्हाला अडवणारं ते वाक्य हा हट्ट नव्हता. कधीकाळी उघडं राहिलेल्या दाराला लावलेली ती कडी होती.

मी त्या रात्री हे सगळं पुस्तकी पद्धतीनं जाणून होतो. पण बाहेर रांग असताना डोकं एकाच ठिकाणी अडकतं. मी वजनवाचकाचा कोड वाचत बसलो. कोडमध्ये काहीच वावगं नव्हतं. अर्धा तास गेला. मग ती म्हणाली, ‘‘सर, नाव सोडा ना. दोघं कुठनं आलेत ते विचारू.’’

नंतर तिनं सांगितलं की हे तिला कॉलेजात कुणी शिकवलेलं नव्हतं. ते घरातलं होतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा अर्थ एवढाच की ‘सोलापुरी’ हे नाव नुसतं छापून चालत नाही, माल सोलापूरचा असावा लागतो. तरीही ‘सोलापुरी’ लिहिलेली प्रत्येक चादर सोलापूरची नसते. रंग तोच, लेबलवरची अक्षरं तीच. तिच्या घरातली माणसं लेबल वाचतच नाहीत. चादर उलटी करून वीण बघतात आणि विचारतात, कुठल्या मागावरची?

जावालाही हे विचारता येतं. प्रत्येक क्लासला ‘तुझा क्लासलोडर कोण’ असं एका ओळीत विचारता येतं, आणि ‘तू कुठल्या फाईलमधून आलास’ हेही. कोडला हात लावायचा नसेल तर जावा सुरू करताना ‘व्हर्बोज क्लास’चा पर्याय द्यायचा. मग प्रत्येक क्लास मेमरीत येताना आपलं नाव आणि आल्याचं ठिकाण लॉगमध्ये लिहितो. नव्या जावात, ११च्या पुढे, एररच्या वाक्यातच दोन्हीकडच्या क्लासलोडरची नावं छापून येतात आणि निम्मं काम तिथेच होतं. कारखान्याच्या कॉम्प्युटरवर जावा ८ होतं. तिथे नुसती दोन सारखी नावं.

आम्ही व्हर्बोज लावून टॉमकॅट पुन्हा सुरू केला. हजारो ओळींतून ‘वजनवाचक’ शोधला. तो दोनदा आला होता. एकदा ॲपच्या वेब-इन्फमधल्या जारमधून. एकदा टॉमकॅटच्या लिबमधल्या जारमधून. जारचं नाव तेच, आवृत्ती तीच, बाइट न् बाइट सारखा. लिबमधल्या फाईलवरची तारीख मात्र कित्येक वर्षं जुनी.

दोघंही बरोबर

आता प्रश्न होता, यातला उपरा कोण? माझा पहिला संशय जुन्यावर. सर्व्हरच्या सामाईक फोल्डरात ॲपचा जार टाकू नये, हे जावाचं साधं शहाणपण आहे. कुणीतरी कधीतरी घाईत टाकला असेल. काढून टाकावा असं वाटणं साहजिक होतं.

तिनं विचारलं, ‘‘पण टाकलाच कशाला असेल?’’

उत्तर जारच्या पोटात होतं. काट्याचं इंडिकेटर कॉम्प्युटरला सिरियल केबलनं जोडलेलं असतं. त्या पोर्टवरचे आकडे वाचायला नुसता जावा पुरत नाही, सी भाषेत लिहिलेली एक छोटी लायब्ररी लागते. ती या जारसोबत येत होती. आणि अशा लायब्ररीबद्दल जावाचा नियम कडक आहे : एका वेळी एकाच क्लासलोडरनं तिला धरायचं. ॲप तिला धरून बसलेलं असेल आणि टॉमकॅट बंद न करता ॲप तेवढं पुन्हा चढवलं, तर नवा क्लासलोडर येतो, जुना अजून पुरता गेलेला नसतो. मग एरर येते की ही लायब्ररी दुसऱ्या क्लासलोडरनं आधीच घेतली आहे. काटा बंद.

त्यावरचा सरळ उपाय म्हणजे असा जार टॉमकॅटच्या लिबमध्ये ठेवणं. तिथला क्लासलोडर टॉमकॅट असेपर्यंत टिकतो. ॲप कितीही वेळा बदला, पोर्ट एकाच हातात राहतं. अनेक वर्षांपूर्वी ज्या कुणी हे बसवलं त्यानं नेमकं हेच केलं होतं. टॉमकॅट सुरू होताना लिबमधला वजनवाचक तयार होणार, पोर्ट उघडणार आणि तयार वस्तू ॲपच्या हातात देणार. विचार करून केलेलं काम होतं ते. फक्त त्याचं कारण त्यानं कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

आता कंपनीकडून नवी आवृत्ती आली. ती बांधणाऱ्यानंही पुस्तकात सांगितलेलं तेच केलं : ॲपला लागणारे सगळे जार ॲपसोबत द्यावेत. त्यामुळे वजनवाचकाचा जार वेब-इन्फमध्ये आला. त्यांच्या ऑफिसात खरा काटा असण्याचं कारण नव्हतं. चाचणीला खोटे आकडे देणारा वाचक ॲपच्या आतच असणार, म्हणून तिथे सगळं नीट चाललं असावं.

काट्यावर मात्र टॉमकॅटनं आपल्या घरच्या वजनवाचकाची वस्तू पुढे केली आणि ॲपनं ती स्वतःच्या घरच्या वजनवाचकाशी ताडून पाहिली. नाव जुळलं, घर जुळलं नाही. जावानं कडी लावली.

लिबमधला जार काढला असता तर? पोर्ट उघडायलाच कुणी उरलं नसतं, आणि दुसऱ्या कुठल्या एररमागे आम्ही पहाटेपर्यंत धावलो असतो. म्हणून उलट केलं. लिबमधल्याला हात लावला नाही. वेब-इन्फमधली प्रत काढली आणि टॉमकॅट चालू केला. ॲपनं स्वतःच्या घरात शोधलं, मिळालं नाही, मग सामाईक फोल्डरातला घेतला. आता दोघांचा वजनवाचक एकच. पुढची गाडी चढली आणि पावती छापून आली.

दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवलं की बांधणी करताना हा जार ‘प्रोव्हायडेड’ म्हणून नोंदवा. मेव्हनमध्ये या शब्दाचा अर्थ असा की बांधताना हा लागेल, पण सोबत देऊ नका, जिथे जाणार तिथे तो आहे. एका शब्दाचा बदल. त्यांनी लगेच केला.

नावं बदलतात तेव्हा

याच्या बरोबर उलटा प्रकारही असतो. जावाची एंटरप्राइज बाजू ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली, तेव्हा ‘जावाएक्स’ने सुरू होणाऱ्या क्लासांची नावं तशीच ठेवून ते पुढे वाढवता येईना. २०२० मध्ये त्यांची नावं ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. टॉमकॅट ९ वर सुखानं चालणारं ॲप टॉमकॅट १० वर टाकलं की क्लास सापडत नाहीत म्हणून ओरडतं. काम तेच, वागणं तेच, नाव तेवढं वेगळं. आमच्या विद्यापीठाचं नाव २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. आधीच्या पदव्यांवर जुनं नाव आहे, नंतरच्यांवर नवं. संस्था एकच आहे हे माणसाला सांगावं लागत नाही. जावाला सांगावं लागतं.

आणि सोलापुरात राहून दुसऱ्या प्रकाराचं तरी नवल का वाटावं? माझ्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं आहेत. ‘अप्पा’ अशी हाक आली की कन्नड घरातून वडील बाहेर येतात, मराठी घरातून कधी आजोबा, कधी थोरले काका. हाक तीच. कुठल्या घरातून आली हे कळल्याशिवाय ओ कुणी द्यायची ते ठरत नाही. आपण हे इतक्या सहज करतो की ते करतोय हेही लक्षात येत नाही. मशीनला ते नियम घालून शिकवावं लागलं, आणि त्यासाठी आधी कुणालातरी दाखवून द्यावं लागलं की नुसत्या नावावर विसंबलं तर घरात कोणीही शिरतं.

त्या रात्री हातानं लिहिलेल्या पावत्या सकाळी सिस्टिममध्ये भरायच्या होत्या. इथे खरा प्रश्न होता, कारण हातच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? पण रांगेतल्या बऱ्याच जणांनी इंडिकेटरवरच्या लाल आकड्यांचे मोबाइलवर फोटो काढले होते. भरल्या गाडीचा एक, रिकाम्या गाडीचा एक. क्लार्कनं स्वतःहून सांगितलं की ज्याच्याकडे फोटो आहे त्यानं दाखवावा, मी समोर बसून ताडून भरतो. माणसं आली, आकडे जुळत गेले. कोणी त्याच्या पेनवर विश्वास ठेवला नव्हता आणि त्यानंही तसा आग्रह धरला नाही. आकडा कुठून आला हे दाखवता आलं, तेवढं पुरलं.

टॉमकॅटच्या लिब फोल्डरात आता जारशेजारी एक साधी मजकूर फाईल आहे. ती तिनं लिहिली. हा जार इथे का ठेवला आहे, काढला तर काय बंद पडेल, ॲपसोबत तो का देऊ नये, आणि तारीख. मराठीत चार ओळी. पुढच्या हंगामात तिथे कोण बसेल माहीत नाही, पण जो कोणी बसेल त्याला काटा क्लार्क ती फाईल दाखवेल. कुठे आहे ते त्यानं वहीत लिहून घेतलंय.